लांगझाच्या माथ्यावरील समुद्र

वाचकहो, पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात काळाभोर शाळिग्राम असतो आणि त्याच्यावरील चक्राला विष्णूचे चिन्ह मानून आपण तुळस वाहतो. हा गोटा नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात सापडतो. तो ज्या काळ्या खडकातून निसटून येतो, त्याचे थर हिमालयाच्या पाठीमागून पश्चिमेकडे हिमाचल प्रदेशातील स्पितीपर्यंत पसरलेले आहेत.

स्पितीतील काझाहून आपण लांगझाची चढण चढू लागलात, म्हणजे श्वास अपुरा पडतो. गाव सुमारे ४,४०० मीटर उंचीवर. सपाट धाब्यांची थोडी घरे, जवाची आणि वाटाण्याची शेते, समोर हिमाच्छादित शिखर. झाड औषधालाही नाही. आणि अशा ठिकाणी घळीतला एखादा गोटा फुटलेला दिसावा, तर आत तेच चक्र! अमोनाइट नावाच्या, केव्हाच निर्वंश झालेल्या सागरी जीवाचे ते कवच. वय सुमारे १५ कोटी वर्षे. (हा दगड डोळे भरून पाहावा, पण पिशवीत घालू नये. थरातून तो उचलला, की त्याचा काळ ठरविण्याचा आधारच नाहीसा होतो.)

हा जीव ज्या समुद्रात पोहत होता, त्याला शास्त्रज्ञ टेथिस म्हणतात. त्याच्या पलीकडे आशिया होता. दक्षिणेकडील भूखंडांपासून सुटलेला भारत उत्तरेकडे सरकू लागला. एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटरांपर्यंत! मधला सागरतळ जड असल्याने आशियाखाली रुतत गेला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मात्र भूखंडालाच भूखंड भिडला. भूखंडांचा खडक हलका. तो सहजी बुडत नाही. सतरंजी भिंतीवर रेटावी तशा भारताच्या कडेच्या थरांना घड्या पडल्या, ते फाटले, एकमेकांवर चढले, आणि त्यांच्याबरोबर समुद्राचा गाळही आकाशाला भिडला. एव्हरेस्टचा माथाही सागरी चुनखडकाचाच आहे.

हा रेटा थांबलेला नाही. आजही भारत वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. खडकात साचलेला ताण ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याखाली सुटला, तेव्हा सुमारे २०,००० माणसे दगावली. शिवाय इतका उंच उचललेला प्रदेश एकसंध राहत नाही. त्याला तडे जातात आणि तेही मधूनमधून हलतात. १९ जानेवारी १९७५ रोजी ऐन हिवाळ्यात किन्नौर आणि स्पिती हादरले. काझाच्या खाली, नदीकाठच्या ताबो येथे इ. स. ९९६ मध्ये बांधलेल्या मातीच्या विहाराची त्यात मोठी हानी झाली. पुढे भिक्षूंसाठी शेजारी नवे सभागृह उभारण्यात आले. जुन्या विहाराच्या भिंती, त्यांवरील चित्रांसह, अद्याप उभ्या आहेत.