आत्याची सही

घर बांधायचे झाले की आम्ही वसईकर गवंडी कोण आणि कसा याची गावभर चौकशी करतो. सुताराचा हात, विटांचा भाव, पाया किती खोल घ्यावा यावर रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर तासन्‌तास खल चालतो. तेच घर विकायची वेळ आली म्हणजे मात्र दलाल आणील तो वकील आम्हांला चालतो. २०१९ साली आम्ही भावंडांनी वडिलांचे घर विकायचे ठरवले तेव्हा आम्हीही त्याच वाटेने गेलो.

वडील २०१६ साली देवाघरी गेले. वाडी त्यांच्या हयातीतच तुकड्यातुकड्याने गेली होती. उरले होते ते कौलारू घर आणि त्याखालची बिनशेती केलेली साडेतीन गुंठे जागा. आम्ही तिघे तीन दिशांना पांगलेलो. आईचे गुडघे दुखरे, घराचे वासे वाळवीने पोखरलेले. चर्चजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत आईसाठी तीन खोल्या घ्याव्यात, असा आमचा साधासरळ विचार होता.

दलालाने आम्हांला स्टेशनाजवळच्या एका कचेरीत नेले. वकीलसाहेब मोठे गोड बोलणारे होते. खरेदीदाराचे काम तेच पाहत होते. "तुमचेही मीच पाहतो, दोन वकिलांची फी कशाला?" असे ते म्हणाले आणि आम्हांला ते व्यवहारचातुर्य वाटले. विकणाऱ्याचे हित आणि घेणाऱ्याचे हित एकाच माणसाने एकाच लेखणीने कसे राखावे, हा प्रश्न आम्हांला त्या दिवशी सुचला नाही. त्यांनी मूळ कागदपत्रे ठेवून घेतली आणि आठवड्याभरात एक प्रतिज्ञापत्र आमच्यापुढे सहीसाठी ठेवले. आमच्या आजोबांना 'आमचे वडील हे एकमेव वारस' होते, असे त्यात लिहिले होते.

ते आम्ही वाचले. दोनदा वाचले. तरी त्यात काही वावगे आहे असे आम्हांला वाटले नाही, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. कागद घरी आणला तेव्हा आईने तो ऐकला आणि एवढेच विचारले, "आणि तुमची आत्या?"

आत्या तीन गावे पलीकडे राहते. दर नाताळला तिला लुगडे आणि केळ्यांची फणी जाई आणि तेवढ्याने तिचे माहेर तिला पोचले, असे आम्ही धरून चाललो होतो. वकीलसाहेबांना विचारले तर ते हसले. "त्या लग्न होऊन गेल्या. सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे का? आणि आता तर बारा वर्षेही केव्हाच उलटली."

मनात किंतु शिरला तो शिरलाच. मुंबईच्या एका आप्ताने फोर्टातल्या सॉलिसिटरांचे नाव सुचवले. विलायती पद्धतीच्या या पेढ्यांचा मुंबईत पूर्वापार दबदबा आहे आणि त्यांचे कामही नीटनेटके असते. त्यांनी दुय्यम निबंधकांच्या दप्तरातील सूची क्रमांक दोनचा तीस वर्षांचा शोध करवला. १९८९ पासून पुढे जागेवर कसला बोजा नाही, गहाण नाही, विक्री नाही. सारे स्वच्छ निघाले. तीस वर्षांचा शोध हा रूढ प्रघात आहे, त्यांना दोष कसा द्यावा? पण आमचे आजोबा वारले होते १९७४ साली.

ही गोष्ट ज्यांनी हेरली त्या वकीलबाई शेजारच्या धर्मग्रामातल्या. वकिलांना जाहिरात करण्याची मुभा नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी ती मनाई केलेली आहे. त्यामुळे वकिलाची पारख अजूनही तोंडोतोंडीच होते. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर विचारत गेलो तेव्हा 'हुशार', 'ओळखी फार', 'काम झटपट' अशी प्रशस्तिपत्रे अनेकांच्या नावे मिळाली. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र निराळेच सांगितले. "त्या बाईने माझे काम घेतले नाही. म्हणाली, तुमच्या भावाला सांगितल्याशिवाय मी कागद करणार नाही. मी रागाने दुसरीकडे गेलो. तुम्ही मात्र तिच्याकडे जा." ते दुसरीकडे गेले त्याचा दावा अजून न्यायालयात पडून होता.

वकीलबाईंनी घराची किंमत विचारली नाही. "आजोबा केव्हा वारले? आजी केव्हा? मुले किती?" हे त्यांचे पहिले प्रश्न. मग त्यांनी आम्हांला जुना फेरफार काढून आणायला सांगितले. सातबारा हा आजचा चेहरा. त्यावर नाव कसे चढले याची हकीकत फेरफाराच्या नोंदवहीत असते. आमच्या भागात त्या काळी वारस नोंद करताना मुलींची नावे वगळली जात, हे त्यांनी शेकडो नोंदी वाचून जाणले होते. आमचाही फेरफार तसाच निघाला. आजोबा मयत, वारस एक मुलगा. पुढे जागा बिनशेती झाली तीही त्याच नोंदीच्या आधारावर. आजोबांनी मृत्युपत्र केले नव्हते, आजीनेही नाही.

"सातबारा हा महसुलाचा कागद आहे," बाई म्हणाल्या. "त्यावर नाव नसले म्हणून मालकी जात नाही."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हिश्शाची कल्पना आपल्याकडे नाही. बाप हयात असेपर्यंत त्याच्या मिळकतीचा धनी तोच. तो मृत्युपत्राविना गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. म्हणजे १९७४ साली आजीचा तिसरा हिस्सा, वडिलांचा तिसरा आणि आत्याचा तिसरा. पुढे आजी गेली तेव्हा तिचा हिस्सा दोघांत निम्मा निम्मा. बाईंनी पेन खाली ठेवले. घर अर्धे आत्याचे होते.

ते अर्धे घर आम्ही पंचेचाळीस वर्षे आमचे समजत होतो. केरळातील सिरियन ख्रिस्ती भगिनींना भावाइतका वाटा मिळावा म्हणून मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला, हे आम्ही कौतुकाने ऐकलेले होते. आपल्या बहिणींना तो हक्क कायद्याने आधीपासूनच आहे, हे मात्र आमच्या घरात कुणी बोलून दाखवले नव्हते. (गोव्यातल्या आपल्या बांधवांचे नियम पुन्हा वेगळे. तेथे पोर्तुगीज काळापासून लग्नाबरोबर सामान्यतः निम्मी मिळकत पत्नीची होते आणि वारसासाठी आता त्यांचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. तिकडची जागा असेल तर तिकडचाच वकील पाहावा.) बारा वर्षांच्या मुद्द्याचेही बाईंनी निरसन केले. सहहिस्सेदारांपैकी एक जण घरात राहिला, एवढ्याने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

"आत्याबाईंकडून हक्कसोड पत्र घेऊन येतो," आम्ही म्हणालो. ते आम्हांला अगदी स्वाभाविक वाटले.

"त्यांनी द्यायचे ठरवले तर जरूर घ्या," बाई म्हणाल्या. "पण त्यांना सल्ला मी देणार नाही, मी तुमची वकील आहे. त्यांनी आपला वकील पाहावा आणि त्याच्याकडून समजून घ्यावे."

आम्ही आत्याकडे गेलो. सोबत मिठाईचा डबा होता. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर तीक्ष्ण. आमचे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मला विचारायला आलात की सही घ्यायला आलात?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. मग ती शांतपणे बोलली. आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत तिचे अंथरूण कुणी काढले, हे तिने सांगितले नाही. ते आईला ठाऊक होते आणि आई खाली मान घालून बसली होती. आत्याची विधवा मुलगी तिच्याजवळ राहते. तिच्यासाठी आत्याला आपला हिस्सा हवा होता. "तुमच्या बाबांनी मागितला असता तर मी भावाला तसाच दिला असता," ती म्हणाली. "त्याने कधी मागितलाच नाही."

परतीच्या रिक्षात आमचा धाकटा भाऊ वकीलबाईंवरच संतापला. पहिल्या वकिलाकडे काम झाले असते, या बाईने अर्धे घर घालवले, असे तो म्हणाला. पुढे कित्येक महिने तो आमच्याशी मोजकेच बोलत होता. त्याला काय सांगावे? वकील आपल्या बाजूचा असावा हे खरेच. पण आम्ही खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नये हेच आमच्या बाजूचे होते, हे आम्हांलाही एकदम पटले नव्हते. उद्या आत्याच्या मुलीने दावा लावला असता तर खरेदीदार आमच्याच दारी आला असता, हे भय आधी पटले. बाकीचे नंतर.

पहिल्या वकीलसाहेबांनी फी दिल्याखेरीज मूळ कागद देणार नाही, असे सांगितले. हातातले काम सोडून आम्ही तीन खेपा घातल्या. वकिलाला फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेला आहे. फी येणे असेल तर त्याने ती रीतसर वसूल करावी. बाईंनी तेवढाच मजकूर अर्ध्या पानाच्या पत्रात लिहिला आणि चौथ्या दिवशी कागद आले. तेव्हापासून कुणाच्याही हाती मूळ कागद देताना यादी करून पोच घेण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

खरा घोळ झाला तो नावांचा. आपल्या लोकांची नावे म्हणजे दप्तराची परीक्षाच. आजोबा सातबाऱ्यावर 'इनास', जुन्या खरेदीखतात 'इग्नेस' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'इग्नेशियस'. आत्या घरात 'मारी', शाळेत 'मेरी', आधार कार्डावर 'मॅरी' आणि आडनाव अर्थातच सासरचे. ही मारी त्याच इनासची मुलगी हे सिद्ध कसे करायचे? जन्माची सरकारी नोंद सापडेना. परगावच्या वकिलाने येथे हात टेकले असते. बाईंनी आम्हांला सरळ चर्चच्या कचेरीत धाडले. धर्मगुरूंनी १९४१ ची स्नानसंस्काराची नोंदवही काढली. तिच्यात बालिकेचे नाव, मातापित्यांची नावे, गाव, तारीख, सारे काही होते. त्या दाखल्याला एकाच व्यक्तीच्या या नावांविषयीचे प्रतिज्ञापत्र जोडले आणि वारस नोंद दुरुस्त झाली. हे प्रतिज्ञापत्र मात्र आम्ही निश्चिंत मनाने सही केले.

हक्कसोड झालेच नाही. खरेदीखतात विकणारे म्हणून आत्या, आई आणि आम्ही तिघे अशी पाच नावे आली. खरेदीदाराने प्रत्येकाच्या नावे वेगळा धनाकर्ष काढावा, रक्कम कुणाही एकाच्या खात्यात जमा होऊ नये, ही अट आत्याच्या वकिलाची आणि आमच्या बाईंनी ती तत्काळ मान्य केली. मुद्रांक शुल्क खरेदीदाराने स्वतः ऑनलाइन चलनाने सरकारजमा केले. वकिलाच्या हाती त्यासाठी रोकड देण्याचा प्रसंगच आला नाही. बाईंची फी आधीच लिहून ठरलेली होती, शोधाचा खर्च वेगळा दाखवलेला होता आणि किमतीवर टक्केवारी नव्हती.

आईसाठी घेतलेल्या घराची कथा त्यामानाने लहान आहे. तीनऐवजी दोन खोल्या. तत्पूर्वी बाईंनी आम्हांला आवडलेली दोन घरे मोडीत काढली, कारण एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि दुसरीचे बांधकाम परवानगीचे पत्रच पालिकेच्या दप्तरात आढळेना. "करारनामा नोंदवला की झाले" हा समज किती महाग पडतो, ते पुढे नालासोपाऱ्यात सर्वांनी पाहिले. आरक्षित भूखंडावरच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभापर्यंत पाडून टाकण्यात आल्या आणि संसार रस्त्यावर आले.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आत्या पांढरे लुगडे नेसून आली होती. छायाचित्र झाले, अंगठा झाला. लिपिकाने विचारले, "आजी, तुम्ही कोण? साक्षीदार?" आत्या म्हणाली, "नाही. घर विकणारी." मग तिने सही केली, अक्षर अक्षर जुळवत, सावकाश. मागे रांग होती. कुणी घाई केली नाही.

काम उरकल्यावर वकीलबाईंनी सगळी मूळ कागदपत्रे यादीप्रमाणे मोजून परत केली. यादीत अकरा कागद होते. आम्ही दहा घेतले. अकरावा, स्नानसंस्काराचा दाखला, आत्याने घडी करून आपल्या पिशवीत ठेवला.