रुक्मावतीकाठची मांडवी

भुजहून मोटारीने दक्षिणेकडे निघाले की सुमारे 60 किलोमीटरवर कच्छची मांडवी येते. वाटेत कोडायजवळ बहात्तर जिनालयाचे दर्शन घेऊन आम्ही दुपारी गावात पोहोचलो. रुक्मावती नदीच्या मुखाशी वसलेल्या या बंदराचा व्यापार एके काळी मस्कत व झांजिबारपर्यंत चाले. नदीकाठी आजही कारागीर लाकडी गलबते हाताने बांधतात. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचा जन्म 1857 साली येथेच झाला.

गावाचा खरा गोडवा मात्र माणसांत आहे. मांडवी हे दाबेलीचे माहेर. कांदा-बटाटा चालत नाही, असे सांगताच गाडीवाल्याने कच्च्या केळ्याची दाबेली केली. वर म्हणाला, "सूर्यास्ताला अजून अवकाश आहे, शांतपणे जेवा."

जुन्या पेठेत कोरीव दारांची अनेक घरे कुलूपबंद दिसली. मालक मुंबईस किंवा परदेशी. एका ओट्यावरच्या वृद्ध काकांकडे शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या होत्या. ना कागद, ना मोबदला. "पूर्वी पर्युषणाला सारे येत, आता एखादेच कुटुंब येते," ते म्हणाले. ज्या विश्वासावर आपल्या पूर्वजांच्या हुंड्या समुद्रापार वटत, तो येथे अजून टिकून आहे. पण काकांनंतर त्या किल्ल्या कोण सांभाळणार?

हिवाळ्यात किनारा पाहण्यास अवश्य जावे. मुलांना या पेठेतूनही फिरवावे आणि आपले घर तेथे असेल, तर त्याचे कुलूप त्यांच्याच हातांनी उघडवावे.