कॉट बेसिस

परळच्या रुग्णालयांभोवतीच्या गल्ल्यांत झेरॉक्सच्या दुकानांवर आणि खाणावळींच्या दारांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. ‘लेडीज. कॉट बेसिस. फक्त नोकरीवाल्या.’ खाली मोबाइल नंबर. म्हणजे भाड्याने मिळते ती खोली नाही, खोलीतली एक कॉट. वॉर्डात तीस-पस्तीस कॉट सांभाळून आलेली, नुकतीच पास झालेली नर्स ड्युटी संपल्यावर या चिठ्ठ्या वाचत उभी असते.

मुंबईची मोठी रुग्णालयं त्या त्या काळच्या दाट वस्तीत उभी राहिली. जेजे १८४५ साली भायखळ्याला, नायर १९२० च्या दशकात मुंबई सेंट्रलला, केईएम १९२६ मध्ये परळला आणि टाटा १९४१ मध्ये त्याच्याजवळच. तेव्हा परळच्या आजूबाजूला गिरण्या होत्या आणि कामगाराला परवडेल अशी चाळीतली खोली होती. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, रुग्णालयं जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे जालना, लातूर, सांगली किंवा केरळहून आलेल्या मुलीला पहिली नोकरी मिळते तीच मुळी अशा भागात, जिथे एका खोलीचं भाडंही तिच्या पगाराबाहेरचं असतं.

पगाराचं म्हणाल, तर एकाच कामाचे तीन भाव आहेत. राज्य सरकारच्या सेवेतल्या अधिपरिचारिकेला एस-१३ ही वेतनश्रेणी आहे. मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं आणि महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्यावर वेगळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या अनेक जाहिरातींत आकडा असतो २०,०००. खासगीत रुग्णालयागणिक वेगळा हिशेब. शिवाय जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं संपली, तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत काही ठिकाणी ‘ट्रेनी’ म्हणूनच ठेवतात. काम तेच, इंजेक्शनं तीच, पगार मात्र ट्रेनीचा.

खासगीतला भाव ठरवून द्यायचा एक प्रयत्न झाला होता. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने खाटांवर माप लावलं. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शंभराच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,०००. या शिफारशी होत्या आणि आरोग्य हा राज्यांचा विषय. केरळात परिचारिकांच्या संघटनेने आंदोलनं करून, संपाची हाक देऊन एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. महाराष्ट्रात मुलाखतीला गेलेली मुलगी अजून ‘तुमची अपेक्षा किती?’ या प्रश्नाला घाबरून खालचा आकडा सांगते. नर्सिंगच्या वर्गात आयुष्य काढलेल्या प्रस्तुत लेखिकेला याचा राग येतो, आणि थोडी लाजही वाटते. कॅथेटर कसा घालायचा ते आम्ही शिकवलं, पगार कसा मागायचा ते शिकवलं नाही.

समितीचा तळाचा आकडाच धरू: २०,०००. भविष्य निर्वाह निधी १५,००० च्या मर्यादेवर कापला तर १,८०० गेले. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १५०. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. शेजारच्या वॉर्डातल्या ब्रदरचे मात्र त्यापायी महिन्याला २०० जातात. तिच्या हातात येतात १८,०५० रुपये. त्यातून गावी पाठवायचे आहेत, आणि बहुतेकींच्या डोक्यावर फीसाठी काढलेलं कर्ज आहे.

इथे घरचे लोक सल्ला देतात: लांब राहा, स्वस्त पडेल. बदलापूरला चौघी मिळून वन बीएचके घ्या, लोकलचा पास काही शे रुपयांत निघतो. दहा ते सहा नोकरी करणाऱ्या मुलीसाठी हा सल्ला बरोबर आहे. नर्ससाठी नाही, कारण तिचा खर्च पगारापेक्षा ड्युटी लिस्टवर ठरतो.

इव्हिनिंग ड्युटी कागदावर रात्री नऊला संपते. हँडओव्हर देऊन, रजिस्टरं पुरी करून, कपडे बदलून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ होतात. लोकलने बदलापूर गाठून खोलीवर पोचायला साडेअकरा. जेवण, आंघोळ, साडेबारा. दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लागली असेल तर सातला वॉर्डात उभं राहायचं, म्हणजे पाचच्या सुमाराची गाडी, म्हणजे चारला उठणं. झोप साडेतीन तास, आणि त्यानंतर औषधांची ट्रॉली. एखादा रुग्ण अचानक बिघडला, सुटायला उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली, तर पहाटे चारपर्यंत लोकल नाहीत. मग टॅक्सी, नाहीतर चेंजिंग रूममधला बाक. एका टॅक्सीत पूर्ण महिन्याचा पास जातो.

म्हणून ती परत परळच्या चिठ्ठीकडे येते. इथे अडचण दुसरीच. पीजीचं दार रात्री दहाला बंद होतं. घरमालकीणबाईंना रात्री बाहेर पडणारी आणि सकाळी आठला परतणारी मुलगी पटत नाही. गणवेश दाखवला तरी ‘शेजारचे विचारतात’ हे ठरलेलं. डबेवाली सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला डबा देते, तेव्हा नाइटवाली एकतर झोपायला टेकलेली असते किंवा निघण्याच्या घाईत. पैसे दोन वेळचे भरायचे आणि खायचं कँटीनचा वडापाव. दिवसा झोपायचं तर त्याच खोलीत दुसऱ्या कॉटवरची मुलगी फोनवर बोलत असते.

त्यात कॉट बेसिसला बहुतेक वेळा करारच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे कलम माहीत असलेली एकही नवी नर्स लेखिकेला आजवर भेटलेली नाही. डिपॉझिट बुडालेल्या बऱ्याच भेटल्या.

गंमत म्हणजे परळला ही अडचण नवीन नाही. गिरण्याही पाळीत चालायच्या. एकट्याने आलेले कोकणातले, घाटावरचे कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीने राहत; एका पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा अंथरूण टाकी. जेवणाची सोय खाणावळवाल्या बायका करत, आणि त्यांना पाळ्यांच्या वेळा पाठ असत. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे पाळीत काम करणाऱ्या माणसाला पाळीप्रमाणे चालणारं घर आणि पाळीप्रमाणे मिळणारं जेवण लागतं, हे या वस्तीला तेव्हाच ठाऊक होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ती सगळी व्यवस्थाच विरत गेली. परळमध्ये पाळीत चालणारं सर्वांत मोठं काम आता रुग्णालयांचं आहे, पण त्याच्याभोवती तसं काहीच उभं राहिलं नाही.

सरकारची एक योजना कागदावर फार चांगली आहे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची जुनी योजना आता ‘सखी निवास’ म्हणून चालते. महानगरात महिना ५०,००० पर्यंत मिळकत असलेल्या स्त्रीला तिथे प्रवेश मिळू शकतो. जुन्या योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत भाडं पगाराच्या टक्केवारीत बांधलेलं होतं: एकटीच्या खोलीला १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, डॉर्मिटरीला साडेसात. वीस हजारांच्या साडेसात टक्के म्हणजे १,५०० रुपये. हा आकडा वाचून मुलींचे डोळे मोठे होतात. मग त्या विचारतात, परळजवळ कुठे आहे? तिथे विषय संपतो.

उरलेली तूट मग डबल ड्युटीने भरून काढली जाते. स्वतःच्या रुग्णालयात मॉर्निंग, दुसऱ्याच्या नर्सिंग होममध्ये नाइट, किंवा ऑफच्या दिवशी एखाद्या आजीबाईंच्या घरी होम केअर. बावीस-तेवीसच्या वयात शरीर ते सोसतं. औषधाच्या डोसातला दशांश बिंदू मात्र दमलेल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि याची किंमत ती एकटी मोजत नाही.

अशा नोकरीतून मुली निघून जाऊ नयेत म्हणून काही रुग्णालयं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊन बाँड लिहून घेत. मुंबई आणि दिल्लीतल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी २०११ मध्ये त्याविरुद्ध संप केले. आज मुली बाँडशिवायही दोन वर्षं काढतात, कारण आखातातल्या नोकरीसाठी सहसा तेवढा अनुभव लागतो. तिकडच्या जाहिरातीत त्या पगाराआधी एक ओळ शोधतात: ‘राहण्याची सोय’. दोन वर्षं झाली की वॉर्डातली कामाला तयार झालेली सिस्टर जाते आणि इन्चार्ज पुन्हा नव्या मुलीला आयव्ही लाइन कशी लावायची ते दाखवायला लागते.

पहिल्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना लेखिका आता एवढंच सांगते, की पगाराचा आकडा ऐकून मान हलवण्याआधी तीन गोष्टी विचारा. हॉस्टेलमध्ये कॉट आहे का? इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग लावता का? नाइटला जेवण मिळतं का? कॉट देणारं रुग्णालय दोन-तीन हजार कमी देत असलं, तरी महिनाअखेर तिथलीच मुलगी पुढे असते.

आणि परळ, शीव, मुंबई सेंट्रलच्या आसपास ज्यांच्या घरात एक खोली रिकामी आहे, त्यांना एक विनंती. ती एखाद्या नर्सला दिलीत, तर लॅचची एक किल्लीही तिच्या हातात द्या, आणि ती नाइट करून आली असेल तर दुपारी दोनपर्यंत मिक्सर लावू नका.