धर्मापुरीची कबड्डी आणि उसाचा हंगाम

परळी वैजनाथला रेल्वेतून उतरून आम्ही दोघे एस.टी.ने धर्मापुरीला पोचलो. मेहुणीचे सासर तिथले. दिवाळी चार दिवसांवर आली होती. दोन दिवस राहायचे, केदारेश्वराचे देऊळ पाहायचे नि परतायचे, एवढाच बेत.

देऊळ पाहिले. उत्तर चालुक्यांच्या काळातले, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे बघण्यासारखी आहेत. किल्ल्याच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. कोणाच्या देवळाचा दगड कोणाच्या तटाला! पण खरे सांगायचे तर आमचे मन रमले ते संध्याकाळी, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत.

तिथे कॉलेजात जाणारी पोरे कबड्डीचा सराव करीत होती. दोरीने तेरा मीटर बाय दहा मीटर मोजून फक्कीने रेषा मारलेल्या. तीस सेकंदांची चढाई, सात जणांचा संघ, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. सामने मात्र आता मॅटवर होतात, तिथे बूट लागतात. मातीत अनवाणी खेळलेल्या पोराचा पाय मॅटवर बसायला वेळ घेतो. संघात बुटांचे जोड कमी, म्हणून एकाचे दुसऱ्याच्या पायात.

त्यातला एक डावा चढाईपटू आमच्या नजरेत भरला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बोनस घेऊन निदान रेषेवरून असा परतायचा की पकडणाऱ्याच्या हाती वाराच यावा. रात्री तो भाच्याबरोबर जेवायला आला, तेव्हा गोष्ट कळली.

वडिलांचा हात मोडलेला. उसाच्या तोडीची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली नि घरात खर्चही झालेली. वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. आईबरोबर आता पोराने जायचे होते. दिवाळी झाली की टोळी निघणार, आणि आंतरमहाविद्यालयीन सामनेही त्याच सुमारास.

सामन्यांचे मोल काय, तेही सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातली कॉलेजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठ १९५८ सालचे, नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ ला. त्यासाठी काय सोसावे लागले ते आपल्या घराघरांत माहीत आहे. या सामन्यांतूनच विद्यापीठाचा संघ निवडतात. ते नाव छातीवर लिहिलेली जर्सी एकदा अंगात घालायची, एवढेच पोराच्या मनात.

जेवताना भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल दाखवला. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या, चेंडू लांबुळका नि तो हातात घेऊन पळायचे. आम्हाला तर त्यात कबड्डीची पकडच दिसली! मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक माणसे बसतात. २०२१ पासून तिथल्या विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात.

"काका, यांचा हंगाम कधी असतो?" पोराने विचारले.

"ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत."

"म्हणजे आमच्यासारखाच. मग यांच्याकडं तोडीला कोण जातं?"

भाचा हसला. आम्हाला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. जयभीम झाला, चहा झाला. आई भांडी पोत्यात भरीत होती. "भाऊ, लेकराला अडवायचा जीव होत नाही," ती म्हणाली, "पण उचल खाल्ली आम्ही. मुकादम खेळ बघंल का?" वडील हात गळ्यात बांधून गप्प बसलेले. आमच्या खिशात बोलण्यापलीकडे देण्यासारखे काही नव्हते, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. शेवटी चुलता बोलला. त्याचे स्वतःचे काम होते, ते त्याने बाजूला टाकले. पंधरा दिवस पुतण्याच्या जागी तो कोयता धरणार, सामने झाले की पोराने फडावर यायचे नि त्याने परतायचे. मुकादमाने कुरकुर करून मान्य केले.

आम्ही परतलो. पुढचे भाच्याने फोनवर कळवले. संघ उपांत्य सामन्यात दोन गुणांनी हरला. पोराने चढाया चांगल्या केल्या, पण शेवटच्या लोणात पकडला गेला. विद्यापीठ संघाची यादी अजून लागली नव्हती. त्याच रात्री त्याने बूट खालच्या वर्गातल्या पोराला दिले नि कारखान्याकडची गाडी धरली. यादी लागली की फोन कर, एवढे भाच्याला सांगून गेला.