चेक फाडणे

आपल्याकडे फाडलेली वस्तू सहसा निकामी होते. पत्र फाडले की ते संपले, धोतर फाडले की त्याची फडकी झाली. एकट्या चेकला मात्र फाडल्याखेरीज किंमत येत नाही! 'हजाराचा चेक फाडला,' असे कुणी ऐटीत सांगितले, तर त्याने तो चेकबुकातून काढून लिहून दिला, असेच आपण समजतो. सरकारी कागदांत त्याला 'धनादेश' असे भारदस्त नाव आहे. पण धनादेश फाडल्याचे मी अजून कुणाकडून ऐकलेले नाही.

हा चेक पुढे 'वटतो'. हे क्रियापद मुळात हुंडीचे. साहेबाचा चेक आला आणि खुशाल त्याच्या मांडीवर जाऊन बसला. शाहजोग हुंडीचे पैसे ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत, ते पतदार पेढीवाल्यामार्फतच घ्यावे लागत. चेकच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघा तेच काम करतात. आणि गंमत अशी की, इंग्रजीतला 'चेक' बुद्धिबळातून आलेला, मूळ फारसी 'शाह'. म्हणजे आपला 'शह' आणि हा चेक एकाच घरचे!

हा शह कुणाला बसतो, ते मी गारगोटीत पाहिले. वेदगंगेकाठच्या त्या गावी माझी एक दूरची मावशी राहते. तिच्या उसाचे बिल बँकेत जमा होई आणि अंगठा उठवून ती ते काढी. अंगठा उठवणाऱ्याला बँका सहसा चेकबुक देत नाहीत. त्याने स्वतः खिडकीशी उभे राहायचे. उभे राहण्याचे मावशीला काही नव्हते. सोबत येणारा दीर नोटा मोजून आपल्याच खिशात घाली, हे तिला सलत होते. साठी उलटल्यावर ती नातीच्या पाटीवर सही गिरवू लागली. सहा महिन्यांनी चेकबुक हाती आले. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकूही लागले.

दिराने लगेच प्रेमळ सल्ला दिला, "वैनी, दोन-चार कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवा. तुम्हाला हेलपाटा नको."

"सही माझी, तर आकडा बी मीच सांगणार," मावशी म्हणाली.

पहिला चेक नातीच्या फीचा. 'अक्षरी रुपये' नातीने लिहिले. सहीला मावशीला पाच मिनिटे लागली, आणि तोवर दीर दारात उभा होता.