पिवळी तार, तपकिरी तार

डिसेंबरात मिनेसोटातल्या डलूथला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नोकरदार माणूस स्नोमोबिल घेऊन बाहेर पडतो तो अंधारातच, आणि मग इंजिनाइतकाच दिवाही महत्त्वाचा ठरतो. इथून ग्रँड मरेपर्यंत १४६ मैलांची नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल जाते. लेक सुपीरियरच्या मागच्या टेकड्यांतून, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलातून. वळणापलीकडे मूस उभा असू शकतो, बर्फ सपाट करणारं अजस्र यंत्र समोरून येत असू शकतं. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे रात्री दिव्याच्या उजेडात निदान १०० फुटांवरचा माणूस दिसला पाहिजे. सार्वजनिक जमिनीवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे, आणि त्या वेगाने १०० फूट दीड सेकंदाच्या आत संपतात.

माझी गाडी १९९०च्या दशकातली पोलारिस इंडी. टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू करायची, बॅटरी नाही. तिचा हेडलाइट पिवळट आणि मरगळलेला होता. साठ वॅटचा हॅलोजन काढून वीस-पंचवीस वॅटचा एलईडी बसवला की उजेड वाढेल आणि वाचलेली वीज हँडलच्या गरम मुठींना मिळेल, असा माझा हिशेब. उणे पंचवीस अंशांत गरम मुठी ही चैन नसते; बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही. हिशेब कागदावर बरोबर होता. पण तो मी बल्बच्या खोक्यावरचे आकडे वाचून केला होता, गाडीकडे बघून नाही.

एलईडी बसवला, इंजिन सुरू केलं आणि दिवा थरथरायला लागला. रेस दिली की स्थिर वाटायचा, सोडली की पुन्हा फडफड. मी बल्बच खराब ठरवला, परत पाठवला, दुसरा महागडा मागवला. तोही तसाच.

इथे मला स्वतःचा खरा राग आला, कारण हे उत्तर मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. आमच्या घरी बजाज चेतक होती. सिग्नलला थांबलं की तिचा दिवा मंदावायचा, बाबा रेस वाढवायचे तसा उजळायचा. त्या दिव्याला वीज थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून यायची, म्हणजे ए.सी. या स्नोमोबिलमध्येही हुबेहूब तेच आहे. फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरतात, स्टेटरच्या कॉइलमध्ये ए.सी. तयार होतो, रेग्युलेटर तो तेरा-चौदा व्होल्टवर आवरतो आणि मग तो पिवळ्या तारेतून दिव्यापर्यंत जातो. हॅलोजनची तार तापून लाल-पांढरी झालेली असते. विजेची दिशा उलटताना मधल्या क्षणी तिला थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून उजेड सलग वाटतो. एलईडीला असली उष्णतेची शिल्लक नसते. वीज तुटली की तो तत्क्षणी विझतो.

मग रेक्टिफायर आणला. चार डायोडचा ब्रिज, दोन तारा आत, दोन बाहेर. अधिकची तार दिव्याला दिली आणि उणेची नेहमीच्या सवयीने चासीच्या बोल्टला आवळली. गाडीच्या कामात उणे म्हणजे बॉडी, हे हातात इतकं बसलेलं की विचार करावासाही वाटला नाही. गॅरेजमध्ये दिवा लागला. फडफड कमी झाली, मी खूश.

त्याच संध्याकाळी ट्रेलवर मुठी कोमट झाल्या. पाठोपाठ हुडखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. हुड उघडून ब्रिजला बोट लावलं तर ग्लोव्हमधूनही चटका बसला. चूक अशी होती: या गाडीत कॉइलचं एक टोक तपकिरी तारेने आधीच इंजिनाच्या धातूला, म्हणजे चासीला जोडलेलं असतं. ब्रिजचं उणे टोकही मी चासीला जोडल्यामुळे विजेच्या प्रत्येक दुसऱ्या अर्ध्या लाटेला एका डायोडमधून सरळ कॉइलकडे परतीची वाट मिळत होती. निम्मा वेळ कॉइल शॉर्ट होत होती, आणि त्याच कॉइलवर मुठीही चालत होत्या. ब्रिज वापरायचा तर उणेची तार चासीला कुठेही न टेकवता दिव्याकडून स्वतंत्र परत आणावी लागते. हे चार ओळींत लिहिता येतं, पण समजायला मला एक जळका ब्रिज आणि अंधारात रांगत्या वेगाने घरी परतणं लागलं. स्टेटर वाचला हे नशीब. तो जळला असता तर जंगलात गाडीच बंद पडली असती आणि रात्रीच्या थंडीत मैलोगणती चालणं हा इथे थेट जिवाशी खेळ आहे.

उरलेली फडफड घालवायला लावलेल्या कपॅसिटरचं थोडक्यात सांगतो. मी १६ व्होल्टचा लावला. मीटरवर दिसणारे तेरा-चौदा व्होल्ट हे ए.सी.चं परिणामी मूल्य असतं. लाटेचं शिखर त्याच्या साधारण १.४ पट असतं, त्यामुळे तो फुगून टम्म झाला. बदलून ३५ व्होल्टचा लावला, तर कडक थंडीत फडफड पुन्हा सुरू. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव थंडीने घट्ट होतो आणि त्याची क्षमता घसरते. मी सगळ्या चाचण्या उबदार गॅरेजमध्ये घेत होतो. उणे ५५ अंशांचं मानांकन असलेला लावल्यावर तो प्रश्न मिटला.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागते ती. दिवा अखेर स्थिर आणि लख्ख पांढरा लागला. समोरचा बर्फ दिवसासारखा उजळला आणि मी जोरात गाडी हाणली. एका वळणावर समोरून एक गाडी आली. मी डिपर दिला होता, तरी त्या माणसाने हात डोळ्यांसमोर धरला, त्याची गाडी कडेला घसरली आणि बर्फाच्या ढिगात रुतली. त्याला लागलं नाही. आम्ही दोघांनी मिळून गाडी बाहेर ओढली. हेल्मेट काढल्यावर कळलं, साठीच्या पुढचे गृहस्थ होते, ट्रेलची देखभाल करणाऱ्या स्थानिक क्लबचे स्वयंसेवक. ज्यांच्या कष्टांवर माझी हौस चालते, त्यांनाच मी आंधळं केलं होतं. ते ओरडले नाहीत. माझ्या दिव्यासमोर हात धरून म्हणाले, “तुझा डिपर झाडांच्या शेंड्यांवर पडतोय, बघ.”

दुसऱ्या दिवशी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून पाहिलं. एच-४ हॅलोजनमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवते आणि म्हणून भिंतीवर वरची कड स्वच्छ कापलेली दिसते. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. मिलिमीटरभर फरकही चालत नाही. माझ्या एलईडीच्या चकत्या डाव्या-उजव्या बाजूंना असायला हव्या होत्या, त्या वर-खाली आल्या होत्या. कॉलर फिरवून त्या बसवण्याची सोय बल्बमध्ये होती. मी ती वापरलीच नव्हती. फिरवल्यावर बरंच सुधारलं, पण हॅलोजनसारखी कड काही मिळाली नाही. गाडीजवळचा बर्फ फार उजळायचा, त्यामुळे बाहुल्या आक्रसायच्या आणि लांबचं उलट कमी दिसायचं. बर्फ पडत असेल तर समोर पांढरी भिंतच. निळसर प्रकाश बर्फात जास्त विखुरतो असं पुष्कळ जण सांगतात. पण बर्फाचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, तिथे रंगाने फारसा फरक पडत नाही. त्रास होतो तो वर उडालेल्या, जागा चुकलेल्या प्रकाशाचा. आणि तो मीच उडवत होतो.

पुढे मित्राच्या मागून जाताना आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या गाडीच्या पट्ट्याने उडवलेला बर्फाचा भुगा माझ्या काचेवर बसायचा आणि तिथेच गोठायचा. हॅलोजन आपली बहुतेक वीज उष्णतेत घालवतो म्हणून मी त्याला नावं ठेवत होतो. तीच उष्णता काच मोकळी ठेवत होती. एलईडीही तापतो, पण मागच्या बाजूला, पंख्यापाशी. थांबून थांबून काच पुसावी लागली.

शेवटी, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जुना हॅलोजन लावला, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर धरला. रेग्युलेटरपाशी १३.२ व्होल्ट. बल्बच्या सॉकेटवर ११.२. दोन व्होल्ट वाटेत गळत होते. तपकिरी तारेचा चासीवरचा जोड हिरवट गंजाने माखला होता आणि सॉकेटची एक पिन करपली होती. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातात बदलतो. पंधरा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळपास चाळीस टक्क्यांनी पडतो. ज्याला मी जुन्या गाडीचा जुना दिवा म्हणून हिणवत होतो, त्याला कधी पुरेशी वीजच मिळत नव्हती. जोड घासून चकचकीत केला, नवा सॉकेट टाकला, पिवळट झालेली काच पॉलिश केली. एलईडीवर घातलेल्या पैशांच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता.

आता गाडीत हॅलोजनच आहे. काच तापवायची सोय असलेले, मुळातच एलईडीसाठी घडवलेले संपूर्ण हेडलाइट मिळतात. त्यांचा विचार चालू आहे. पण काच तापवायलाही वीज लागते, आणि ती वजा केल्यावर मुठींसाठी किती उरते हे या वेळी आधी गाडीवर मोजणार आहे, तेही बाहेर, थंडीत.