पेणच्या कुंड्या, रोह्याचा उतार

मार्च महिन्यात कोणी आमची पेणची बाग पाहायला आलं, तर अंगणाच्या कडेला त्याला नुसत्या मातीने भरलेल्या कुंड्या दिसतात. पान नाही, कोंब नाही. या कुंड्यांत गडांबी आहे, कळलावी आहे, भुईचाफा आहे, रानकांदा आहे, आणि दिवाळीनंतर पानं पिवळी पडली तेव्हापासून यांतल्या एकीलाही मी पाणी घातलेलं नाही. शेजारीपाजारी हळहळतात. पण आपल्या सह्याद्रीतल्या कंदांची बाग करायची, तर हे चार-पाच महिने पाण्याचा झारा लांब ठेवणं हेच मुख्य काम असतं.

हे मला रोह्याच्या बाजारात कळलं. माझं माहेर रोह्याचं. पहिला पाऊस पडायच्या सुमारास कातकरी बायका शेवळं, काकडं, पुढे कुलूची भाजी घेऊन बसतात. त्यांतल्या एका मावशींना मी विचारलं होतं, शेवळ्याचा कंद कुंडीत जगेल का? त्या म्हणाल्या, "जगंल की. पण पान गेल्यावर पाणी नको घालू, सडंल. पाऊस त्याचा तो उठवील." बागकामाच्या पुस्तकांनी लिलीच्या कंदांबद्दल मला जे सांगितलं होतं त्यापेक्षा हे एवढंसं वाक्य जास्त उपयोगी पडलं.

कारण या झाडांचं वर्षच वेगळं आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि मग जमीन तापत जाते. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावरचं गवत वणव्यात जळून जातं. कंद जमिनीखाली सुरक्षित असतो. रानकांदा तर त्या जळक्या माळावर पानं नसतानाच फुलांचा दांडा वर काढतो. भुईचाफ्याचंही तसंच, जांभळट-पांढरी सुवासिक फुलं थेट मातीतून उगवल्यासारखी येतात आणि पानं पावसात मागाहून.

गडांबी म्हणजे क्रायनम लॅटिफोलियम. हा कंद जमिनीत किती खोल जातो, ते मी प्रत्यक्ष पाहिलं महामार्गामुळे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड असा हा रस्ता आमच्या दोन्ही घरांना जोडणारा. कापलेल्या उतारांवर कंद उघडे पडले होते, लांब मानेचे, हातभर खोल रुतलेले. या कंदांची काही मुळं आकसतात आणि दर वर्षी कंदाला थोडं खाली ओढून घेतात, म्हणूनच ते उन्हातून आणि आगीतून वाचतात. जेसीबीपुढे मात्र ती खोली कामाची नव्हती. ज्या ठिकाणी जमीनमालकांनी "न्या हो, उद्या इथे भराव पडणार" असं सांगितलं, तिथले कंद मी गोणपाटात घालून आणले.

पेणची आमची माती चिकण, भातखाचराची. तिच्यात हे कंद पावसाळ्याच्या मध्यावरच कुजायला लागतात, म्हणून तिथे सगळं कुंड्यांत. निम्मा मुरूम, थोडी बारीक खडी, पालापाचोळ्याचं खत, आणि कुंडी विटांवर उचललेली. रोह्याला माहेरच्या घरामागे मुरमाड उतार आहे. तिथे काहीच करावं लागत नाही. तोच कंद पेणच्या कुंडीत एक दांडा देतो आणि रोह्याच्या उतारावर दोन.

मेच्या अखेरीस वळवाची सर आली, की गडांबीचा दांडा पानांबरोबर किंवा त्यांच्याही आधी बाहेर येतो. फुलं संध्याकाळी उमलतात. पांढऱ्या पाकळीच्या मधोमध गुलाबी-लालसर पट्टा, नळी लांब, गंध रात्री दाट होत जाणारा, कारण बोलावणं लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना असतं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की फूल मान टाकतं. त्या एका रात्रीसाठी मी पाहुणे बोलावले आहेत आणि पुढेही बोलवीन.

याच कुळातली, अरुंद पानांची आणि सडपातळ पाकळ्यांची पांढरी लिली कुंडलिकेच्या काठी वाढते. ती झोपत नाही. भिऱ्याच्या वीजघरातून मुळशी धरणाचं पाणी सुटत असल्यामुळे ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते, आणि काठावरची पानं बाराही महिने हिरवी राहतात. तिला मी पाण्याच्या तसराळ्यात कुंडी ठेवून वाढवते. एक पाण्यात, एक ठणठणीत कोरडी; दोघी शेजारी.

या बागेचा मोठा शत्रू एक अळी आहे. काळी, अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके. गडांबी, कळलावी, परदेशी लिली, काही सोडत नाही. एका रात्रीत पानांचा चोथा करते आणि मग मानेतून कंदात शिरते. जून-जुलैत रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन पानं उलटून बघायची आणि अळ्या हाताने वेचायच्या, हाच माझा उपाय. रोह्याला शेवळ्याच्या ओळी रानडुकरं उकरतात, तिथे बाभळीचे काटे पसरून ठेवते.

कळलावी श्रावणात कुंपणावर चढते, पानाच्या टोकालाच वेलीसारखा आकडा असतो. फूल पिवळट हिरवं उघडतं आणि दिवसागणिक लाल होत जातं. गौरी येतात तेव्हा ती ऐन भरात असते. तिचा कंद जुना संपून दर वर्षी नवा तयार होतो, म्हणून कुंडी खोल हवी. कंदापासून बीपर्यंत ती सगळीच विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात मी तिचा कंद देत नाही.

आणि रानातून उपटून आणलेलं मी काहीच लावत नाही, भराव पडणाऱ्या जागेतलं वगळता. फणसाडचं अभयारण्य रोह्याहून जवळ आहे, १९८६ पासून संरक्षित. तिथे फक्त बघायला जायचं. का, ते गडांबीच्याच एका बहिणीवरून कळतं. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे वुड्रो हे उत्तम माळी-वनस्पतिज्ञ होते. त्यांच्या नावाची क्रायनम वुड्रोवाय महाबळेश्वरच्या परिसरातली. ती शतकभर कोणाला दिसलीच नव्हती, मग केट्स पॉइंटच्या बाजूला पुन्हा सापडली. अशी झाडं एखाद्या कड्याच्या पट्ट्यात उरलेली असतात. चार हौशी माणसं कुदळ घेऊन गेली तर तेवढीही राहणार नाहीत, आणि कुंडीत आणलेली जगेल याची कोणी हमी देऊ नये.

त्यापेक्षा बी लावावं. गडांबीचं बी मोठं, मांसल, हिरवट असतं. त्यावर माती पसरायचीसुद्धा गरज नाही, ओलसर मुरमावर नुसतं ठेवलं की मूळ खाली जातं. फुलासाठी मात्र तीन-चार पावसाळे तरी थांबायची तयारी हवी. पेणच्या ओळखीतल्या घरांत माझ्या बियांची रोपं आता आहेत, काहींना दांडेही आले. ज्यांना हवं असेल त्यांनी पाऊस लागल्याबरोबर सांगून ठेवावं. हे बी डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही, कपाटातल्या अंधारातही ते आपलं उगवतं.